न गेलेल्या बादशहांची यात्रा

इस्तंबूलच्या तख्तावरच्या दुसऱ्या उस्मानने 1622 साली हजला जाण्याचा मनसुबा जाहीर केला. आपल्या सुलतानाने मक्केला जावे याचा मुसलमान राजधानीला आनंद व्हायला हवा, असे आपल्याला आज वाटते. घडले ते उलटेच. सुलतानांवर हजची सक्ती नाही, त्यांनी आपल्या जागी राहून न्याय करावा हे अधिक श्रेयस्कर, असा निर्वाळा खुद्द शेखुल-इस्लाम असद एफेंदी यांनी दिला. जानिसारी शिपायांना वेगळीच शंका आली. हज हा केवळ बहाणा आहे, सुलतान सीरिया आणि मिसरकडे जाऊन नवी फौज उभी करणार आणि मग आपला निकाल लावणार, असे त्यांना वाटू लागले. शाही तंबू बोस्फरसच्या पलीकडे हलवण्याची वेळ आली तेव्हा मे महिन्यात बंड झाले. सतरा वर्षांच्या उस्मानला गादीवरून खेचण्यात आले आणि येदिकुलेच्या किल्ल्यात त्याचा खून झाला. हज करू पाहणाऱ्या सुलतानाला त्याच्याच सैन्याने मारले, आणि धर्माच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने या यात्रेला आशीर्वाद दिलेला नव्हता. सोळाव्या ते अठराव्या शतकातील मुस्लिम राज्यांमध्ये तीर्थयात्रा आणि सत्ता यांचे नाते काय होते हे समजून घ्यायचे असेल, तर या घटनेपासून सुरुवात करणे बरे.

कारण उस्मान हा अपवाद होता तो त्याच्या इच्छेपुरता. या तीन शतकांत एकही उस्मानी सुलतान गादीवर असताना मक्केला गेला नाही. एकही मोगल बादशहा गेला नाही, एकही सफवी शहा गेला नाही. आणि तरीही या तिन्ही राजवटींनी हजच्या वाटेवर जेवढा पैसा, जेवढी फौज आणि जेवढी मुत्सद्देगिरी खर्च केली, तेवढी फार थोड्या गोष्टींवर केली असेल. मक्केला गेले ते गादी गमावलेले किंवा गमावण्याच्या बेतात असलेले लोक. भावाशी झालेल्या लढाईत हरलेला उस्मानी शहजादा जेम मिसरच्या आश्रयाला गेला आणि तिथून त्याने हज केली. अकबराने कारभारातून दूर केल्यावर बैरामखान मक्केच्या वाटेला लागला आणि 1561 मध्ये गुजरातेत पाटण येथे मारला गेला. मराठी वाचकाला याच मालिकेतला एक माणूस आपल्या इतिहासात भेटतो. 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, तेव्हा तिथल्या एका सराईत काश्गरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान उतरलेला होता. तो नुकताच मक्केहून परतला होता. रात्री तो किल्ल्यात निसटला, त्याची दौलत मराठ्यांच्या हाती लागली. राज्य असताना मक्केला जायचे नाही आणि राज्य गेले की मक्केलाच जायचे, असा हा त्या काळचा अलिखित रिवाज होता.

मला या प्रस्तावनेत जे मांडायचे आहे ते या रिवाजातूनच निघते. राजांनी यात्रेचा उपयोग स्वतःची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी केला, ही गोष्ट आता पुष्कळ अभ्यासकांनी सांगितली आहे आणि ती खरीही आहे. पण ती अर्धीच आहे. ज्या ठिकाणी राजा स्वतः जाऊ शकत नव्हता, त्या ठिकाणची वाट सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली होती, आणि ती पार पाडण्यासाठी त्याला अशा लोकांवर अवलंबून राहावे लागत होते जे त्याचे प्रजाजन नव्हते. वाळवंटातले बेदुइन, मक्केचा स्थानिक राज्यकर्ता शरीफ, समुद्रावरचे पोर्तुगीज, शेजारच्या शत्रू राज्याचे सुभेदार या सगळ्यांशी त्याला सौदा करावा लागे. सामान्य यात्रेकरूच्या हाती त्यामुळे आपल्या राजाविरुद्धचा एक दावा आला. वाट बंद पडली तर दोष राजाचा ठरे. यात्रेने सत्तेला जेवढे तेज दिले, तेवढेच तिला बांधूनही टाकले, आणि माझ्या मते या बांधले जाण्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

उस्मानी राज्यापासून पाहू. 1517 मध्ये पहिल्या सलीमने मिसर जिंकले. मक्केच्या शरीफाने आपल्या मुलाला कैरोला पाठवून अधीनता मान्य केली. दोन पवित्र शहरांचे सेवक हा किताब पूर्वी मामलुक सुलतान लावत, तो आता इस्तंबूलकडे आला. किताबात सेवक हा शब्द आहे, आणि पुढच्या तीनशे वर्षांत तो शब्द किती महाग पडला हे हिशेबाच्या वह्यांतून दिसते. दमास्कस आणि कैरो येथून दरवर्षी दोन मोठे काफिले निघत. प्रत्येकावर अमीर-उल-हज म्हणजे काफिल्याचा प्रमुख नेमलेला असे, बरोबर फौज असे, तोफा असत. वाटेवर विहिरी आणि किल्ले बांधून काढावे लागले. मिसरच्या वक्फ गावांतले धान्य जहाजांनी हिजाझला जाई, कारण मक्का-मदिनेच्या परिसरात पुरेसे धान्य पिकत नव्हते. काबागृहावर घालायचा किस्वा कैरोत विणला जाई. जिद्द्याच्या जकातीचा निम्मा वाटा शरीफाकडे जाई. आणि बेदुइन टोळ्यांना दरसाल ठरलेली रक्कम द्यावी लागे, तिला सुर्रा म्हणत. टोळीवाल्यांच्या दृष्टीने ही त्यांच्या भूमीतून जाण्याची आणि पाणी वापरण्याची रास्त किंमत होती. चौथाईच्या इतिहासावर वाढलेल्या मराठी माणसाला हा व्यवहार समजायला अवघड जाऊ नये.

रक्कम थकली की काय होते ते 1757 मध्ये दिसले. बनी सख्र टोळीने परतीच्या वाटेवरचा दमास्कसचा काफिला लुटला. हजारो यात्रेकरू तलवारीने, तहानेने आणि उन्हाने मेले. एका साम्राज्याच्या दृष्टीने हा सरहद्दीवरचा दरोडा ठरू शकला असता. तसा तो ठरला नाही. काही महिने आधीच पदावरून हलवलेला दमास्कसचा जुना वाली असद पाशा अल-अझ्म याच्यावर टोळ्यांना चिथावल्याचा ठपका आला आणि 1758 मध्ये त्याला देहांत शिक्षा झाली. ज्याची थेट चूक नाही त्यालाही किंमत मोजावी लागते, याचा अर्थ राज्याला कुणाचे तरी डोके लोकांपुढे ठेवणे भाग होते. लढाई हरलेला वजीर वाचू शकत असे, यात्रेकरूंचा जीव गेला की वालीचाही जीव धोक्यात येई. ही तुलना थोडी कठोर आहे, पण दमास्कसच्या इतिहासात तिला आधार आहे.

हीच जबाबदारी साम्राज्याला कुठे कुठे ओढत नेई हेही पाहण्यासारखे आहे. 1568 मध्ये मिसरच्या बेलरबेला, म्हणजे सुभेदाराला, एक हुकूम गेला. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडणारा कालवा काढता येईल का, याची पाहणी करण्यास त्यात सांगितले होते. कारण म्हणून पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील उपद्रवाचा आणि त्यामुळे अडलेल्या यात्रेकरूंचा उल्लेख होता. पुढच्याच वर्षी डॉन आणि व्होल्गा या नद्या जोडण्याचा आणि अस्त्रखान घेण्याचा प्रयत्न झाला. तिथली तक्रार मध्य आशियाच्या मुसलमानांची होती: सफवी शहा आम्हाला इराणमधून जाऊ देत नाही आणि उत्तरेची वाट रशियाच्या झारने रोखली आहे. दोन्ही बेत फसले. व्यापार आणि युद्धनीतीचे हेतू त्यांत होतेच, हे कोणी नाकारणार नाही. तरी बुखारा किंवा ख्वारझमच्या माणसाची अडलेली वाट ही इस्तंबूलच्या सुलतानाची अडचण ठरते, हे मान्य झाले होते, आणि ती माणसे त्याची प्रजा नव्हती.

हिंदुस्थानात प्रश्न समुद्राचा होता. वास्को द गामाने 1502 मध्ये मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले, तेव्हापासून अरबी समुद्रावरची हज ही पोर्तुगीजांच्या मर्जीची बाब झाली. त्यांचे कार्ताज नावाचे परवाने घेतल्याशिवाय जहाज सुरक्षित नसे, आणि त्या परवान्यांवर येशू आणि मेरीची चित्रे असत. अकबराच्या दरबारातले मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी याच आधारे मत दिले की हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हजचे बंधन आता उरलेले नाही, कारण जमिनीवरून जावे तर शियांच्या मुलखातून आणि समुद्रावरून जावे तर मूर्तीचे चित्र असलेला कागद घेऊन जावे लागते. अकबरकालीन इतिहासकार बदाऊनीने हे मत नापसंतीने नोंदवले आहे. पुढे याच मखदूम-उल-मुल्कला बादशहाची खप्पामर्जी झाल्यावर मक्केलाच धाडण्यात आले. मक्का म्हणजे सन्मानाने हद्दपार करण्याची जागा, ही मोगल दरबाराची जुनी सोय होती.

अकबराने 1573 मध्ये सुरत घेतली आणि मोगलांना पहिल्यांदा स्वतःचे हज-बंदर मिळाले. त्यानंतरची काही वर्षे त्याने हजवर पाण्यासारखा पैसा ओतला. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल याच्या म्हणण्याप्रमाणे 1576 च्या मीर हाजबरोबर, म्हणजे हज-काफिल्याच्या प्रमुखाबरोबर, सहा लाख रुपये आणि बारा हजार पोशाख गेले. त्याच सुमारास बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम, सलीमा सुलतान बेगम आणि अंतःपुरातल्या इतर स्त्रिया सुरतेहून निघाल्या. बादशहा स्वतः जाऊ शकत नव्हता, पण त्याच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना जाता येत होते. त्या तीन वर्षांहून अधिक काळ हिजाझमध्ये राहिल्या, चार वेळा हज केली आणि 1582 मध्ये, एडनजवळ जहाज फुटल्यानंतर, कशाबशा परतल्या. त्यांच्या मुक्कामाने इस्तंबूलला चैन पडेना. तिसऱ्या मुरादने शरीफाला फर्माने पाठवून हिंदुस्थानच्या या पाहुण्यांना परत पाठवण्यास आणि त्यांच्या दानधर्माला आवर घालण्यास सांगितले. मक्केच्या गरिबांना मोगल रुपया वाटणे म्हणजे उस्मानी किताबाला आव्हान देणे, असा त्याचा अर्थ लावला गेला. यानंतर थोड्याच काळात अकबराने सरकारी खर्चाने हज-काफिले पाठवणे बंद केले. त्याच्या बदललेल्या धर्मविचारांवर याचे खापर नेहमी फोडले जाते. मला वाटते, ज्या दारात दुसऱ्याच्या नावाचा खुत्बा (नमाजातले राजाचे नाव घेणारे प्रवचन) वाचला जातो त्या दारात खर्च करूनही पाहुणाच राहावे लागते, हा अनुभवही तेवढाच कारणीभूत असावा.

जिथे आपण पाहुणे नसू अशी तीर्थे अधिक जवळची होती. मुलगा व्हावा म्हणून केलेला नवस फेडायला अकबर 1570 मध्ये आग्र्याहून अजमेरला पायी गेला आणि 1579 पर्यंत जवळजवळ दरवर्षी ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याला जात राहिला. इराणात शहा अब्बासने हेच अधिक मोठ्या प्रमाणावर केले. उझबेकांच्या हातून 1598 मध्ये मशहद परत घेतल्यावर 1601 साली तो इस्फहानहून इमाम रझांच्या दर्ग्यापर्यंत अठ्ठावीस दिवस पायी चालला. दर्ग्याला त्याने वक्फ दिले आणि इराणी यात्रेकरूंना मशहदकडे वळवले. नजफ आणि करबला त्या वेळी उस्मानी हद्दीत होती, मक्काही होती, आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येक इराण्याबरोबर सोने-चांदी शत्रूच्या मुलखात जाई. मशहद ही सरहद्दीच्या आत राहणारी पुण्याई होती. इथे राजा स्वतः चालू शकत होता, आणि चालून दाखवू शकत होता.

पण एवढ्याने मक्केचा प्रश्न सुटला नाही, आणि यात्रेने सत्तेला बांधले हा माझा मुद्दा इथेच घट्ट होतो. मशहद कितीही भव्य केले तरी हज फर्ज होती, तिची जागा दुसरे तीर्थ घेऊ शकत नव्हते. त्यामुळे एकमेकांना धर्मभ्रष्ट ठरवणाऱ्या दोन राज्यांना यात्रेकरूंबाबत बोलावेच लागले. 1555 च्या अमास्याच्या तहात इराणी यात्रेकरूंना वाट देण्याचा विषय होता. जवळजवळ दोनशे वर्षांनी इराणच्या नादिरशहाने उस्मान्यांपुढे ठेवलेल्या मागण्यांत इराणला स्वतःचा अमीर-उल-हज आणि काबागृहाच्या आवारात जाफरी (शिया) पंथाला वेगळे स्थान या प्रमुख होत्या. पंथाला स्थान मिळाले नाही, पण 1746 च्या तहात यात्रेकरूंचे संरक्षण आले. सैन्ये बगदादवरून झगडत राहिली आणि दोन्ही दरबारांचे वकील तहाच्या मसुद्यात यात्रेकरूंसाठी ओळी लिहीत राहिले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे खरे तर व्यापाराचे राजकारण होते. सुरत, मोखा, जिद्दा या बंदरांमधली जहाजे कापड आणि चांदी नेत, यात्रेकरू हे वरचे भाडे. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी पकडलेले रहीमी हे जहाज जहांगीरच्या आईचे, मरियम-उझ-झमानीचे, होते आणि त्यावर माल आणि यात्रेकरू दोन्ही होते. 1695 मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरीने लुटलेले औरंगजेबाचे गंज-इ-सवाई मक्केहून खजिना घेऊन येत होते. आक्षेप वजनदार आहे. पण या दोन घटनांनंतर काय घडले ते पाहावे. मोगल व्यापारी जहाजे पोर्तुगीजांनी याआधीही अडवली होती. रहीमीनंतर मात्र दमणला वेढा पडला आणि येशूसंघाची चर्च बंद झाली. गंज-इ-सवाईवरच्या यात्रेकरू स्त्रियांवर अत्याचार झाल्याची बातमी सुरतेत आली तेव्हा शहर खवळले, तिथल्या इंग्रज वखारीचे लोक बेड्यांत पडले, मुंबईवर मोगल चालून जातील अशी चिन्हे दिसू लागली, आणि शेवटी युरोपीय कंपन्यांना हज-जहाजांच्या सोबतीला गलबते देण्याचे मान्य करावे लागले. निव्वळ मालाच्या लुटीने एवढे झाले नसते. यात्रेकरू जहाजावर असल्यामुळे बादशहाला गप्प बसण्याची मुभा उरली नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे: राजे हजला जात नव्हते याला एवढे महत्त्व कशाला, दूरचा प्रवास आणि राज्याची काळजी एवढे कारण पुरेसे नाही का? पश्चिम आफ्रिकेकडे पाहिले की हे उत्तर अपुरे पडते. सोंघाईचा अस्किया मुहम्मद 1496-97 मध्ये राज्यावर असताना मक्केला गेला, बोर्नूचा इद्रीस अलूमा सोळाव्या शतकात गेला. त्यांची वाट सहाराच्या वाळवंटातून होती, सुरत ते जिद्द्यापेक्षा सोपी नव्हे. ते जाऊ शकले कारण मक्केत दुसऱ्याचा खुत्बा ऐकल्याने त्यांचे काही कमी होत नव्हते. उलट हाजी म्हणून परतल्यावर त्यांची पत वाढत होती. मोगल बादशहाला आणि सफवी शहाला तेच ऐकणे म्हणजे उस्मानी सुलतानाचे श्रेष्ठत्व मान्य करणे होते. आणि उस्मानी सुलतानाला, उस्मानच्या नशिबाने दाखवल्याप्रमाणे, घर सोडण्याचे भय होते.

धार्मिक श्रद्धा हे फक्त ढोंग होते, असाही एक सोपा निष्कर्ष कोणी काढेल. तो मला मान्य नाही. औरंगजेबाची कर्मनिष्ठा वादातीत आहे. तरी उतारवयात त्याने लिहून ठेवले की मक्केचा शरीफ हिंदुस्थानच्या संपत्तीचा बोभाटा ऐकून दरवर्षी वकील पाठवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, आणि आपले दान तर गरजूंसाठी आहे. दान थांबवण्याऐवजी ते इतर हातांनी गरिबांपर्यंत पोचावे, असा त्याचा विचार होता. श्रद्धा आणि हिशेब यांत त्याला विरोध दिसला नाही, आणि आपणही तो त्याच्यावर लादू नये.

महाराष्ट्राचा संबंध सुरतेच्या लुटीपुरता नाही. दाभोळ हे आदिलशाहीचे मक्केकडे जाण्याचे बंदर होते, आणि तिथली समुद्रकाठची जुनी मशीद विजापूरच्या राजघराण्यातील एका बेगमेने, मक्केला जाणे न झाल्यामुळे, यात्रेच्या पैशातून बांधली असे तिथे सांगतात. राधाबाईंची यात्रा तर अधिक बोलकी आहे. पहिल्या बाजीरावाची आई 1735 मध्ये उत्तरेच्या तीर्थांना निघाली, ती तीर्थे मोगल अंमलाखाली होती. उदेपूर, जयपूरच्या दरबारांनी तिचा सत्कार केला. बुंदेलखंडात बाजीरावाकडून मार खाल्लेल्या मुहम्मदखान बंगशानेही तिला मानाने वाट दिली. पुढच्या वर्षी बाजीरावाने बादशहाकडे केलेल्या मागण्यांत काशी, प्रयाग, गया, मथुरा ही क्षेत्रे होती. गुलबदन बेगम आणि राधाबाई यांच्या यात्रा एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. घरातली वडीलधारी स्त्री यात्रेला जाते, वाटेवरची राज्ये तिच्याशी कशी वागतात त्यावरून त्या घराण्याचे वजन मोजले जाते, आणि शत्रूलाही तिला अडवता येत नाही.

आपल्या हाती असलेली साधने बहुतेक दरबारांची आहेत: फर्माने, जमाखर्च, बखरकारांच्या नोंदी. यात्रेकरूंचा स्वतःचा आवाज त्यात क्वचितच ऐकू येतो, म्हणून जिथे तो आहे तिथे थांबावे. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली कझवीनी 1676-77 मध्ये हजला गेला आणि त्याने अनीस-उल-हुज्जाज हा ग्रंथ लिहिला. जहाज कसे निवडावे, बंदरात काय पाहावे अशा सूचना त्यात आहेत. इस्फहानच्या एका विधवेने आपल्या हजचे वर्णन पद्यात केले आहे. या दोघांच्या लिखाणाशेजारी मुरादची फर्माने ठेवली तर एकच वाट दोन टोकांनी दिसते. 1803 मध्ये सौदी-वहाबी फौजा मक्केत शिरल्या, आणि 1807 मध्ये दमास्कसचा काफिला हज न करताच माघारी फिरला. सुलतानाच्या नावाने दरवर्षी जाणारा काफिला परत आला, ही बातमी इस्तंबूलमध्ये तिसऱ्या सलीमची गादी गेली त्याच वर्षातली आहे. त्याला गादीवरून उतरवण्याची कारणे वेगळी होती. हिजाझ परत मिळवायला मात्र मिसरच्या मुहम्मद अलीची फौज लागली, आणि त्या कामगिरीने सेवक म्हणवणाऱ्या सुलतानापेक्षा त्याच्या या वालीचेच बळ अधिक वाढले.